छोट्या अकाउंट्स ऑफिसचं काय होणार? मामांच्या ऑफिसात घालवलेला एक महिना

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते काढलंय, एकदोन आकडे नीट केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय थोडा कोरडा वाटेल. अकाउंट्सचं ऑफिस. म्हणजे तुमच्या गावात, बाजारपेठेत, कुठल्यातरी दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर असतं बघा. बाहेर पाटी: कर सल्लागार, जीएसटी, इन्कम टॅक्स, ऑडिट, पॅन कार्ड. आत दोन टेबलं, एक प्रिंटर, लाल नाडीच्या फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट. तुमच्या बाबांचं दुकान असेल तर तुम्ही तिथे लहानपणी पिशवीभर बिलं नेऊन दिली असतील. तुम्ही स्वतः फ्रीलान्सिंग करत असाल तर एक दिवस तुम्हीही तो जिना चढणार आहात. आणि बी.कॉम. करत असाल तर कदाचित पहिली नोकरी तिथेच.

माझे मामा इचलकरंजीत असं ऑफिस चालवतात. एकतीस वर्षं झाली. बी.कॉम., जी.डी.सी. अँड ए. हा दुसरा प्रकार माहीत नसेल तर सांगतो: सहकार आणि लेखा विषयातली आपल्या राज्य सरकारची पदविका आहे. ती केलेले लोक पतसंस्था, सोसायट्या यांचं ऑडिट करतात. मामा सीए नाहीत. पण विक्रीकराच्या काळापासून लोक त्यांना ‘वकील’ म्हणतात, आणि अजून म्हणतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बी.टेक. कॉम्प्युटर, वय अठ्ठावीस, डेबिट-क्रेडिट यूट्यूबवर शिकलेला माणूस. तेव्हा मी काही तज्ज्ञ म्हणून बोलत नाहीये. गेल्या वर्षी घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा महिनाभर मामांकडे राहिलो आणि त्यांच्या ऑफिसला ‘ऑटोमेट’ करायला निघालो. त्याची ही गोष्ट.

आधी कारण सांगतो. दिवाळीत मामी आईला फोनवर म्हणाल्या, ‘हे आता बंद करायचं म्हणतायत.’ अठ्ठावन्न वय. दोनच महिन्यांपूर्वी ऑफिसातला मुलगा नोकरी सोडून गेला होता. मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, सीएची इंटर पास आहे, पुण्यात एका कंपनीत अमेरिकेतल्या लोकांची अकाउंट्स करते. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, ‘मी परत येऊन हे चालवणार नाही.’ आणि मला वाटलं, अरे, यात काय अवघड आहे? चार स्क्रिप्ट लिहू, होऊन जाईल.

तर पहिले महिना समजून घेऊ. अशा ऑफिसचा महिना कॅलेंडरच्या चार तारखांवर टांगलेला असतो. सात तारखेला टीडीएस भरायचा. अकरा तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे तुम्ही काय विकलं त्याची यादी. वीस तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्सचा हिशोब आणि पैसे. ज्यांची उलाढाल पाच कोटींपर्यंत आहे त्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे, त्यांच्या तारखा वेगळ्या. ते आज बाजूला ठेवू.

आणि यांच्या मधे एक तारीख आहे जी बाहेरच्या कुणालाच माहीत नसते: चौदा. चौदा तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. हे नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथे आहे.

समजा इचलकरंजीतल्या एका कापड व्यापाऱ्यानं महिन्यात बारा लाखांचं सूत घेतलं. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे साठ हजार रुपये त्यानं सूतवाल्याला दिले. आता स्वतःचा टॅक्स भरताना हे साठ हजार त्याला वजा मिळायला हवेत. याला इनपुट क्रेडिट म्हणतात. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे, की सूतवाल्यानं ते बिल स्वतःच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं आणि ते तुमच्या २बी मध्ये उतरलं, तरच क्रेडिट. हातात पक्कं बिल आहे, बँकेतून पैसे गेलेत, माल गोदामात आहे, तरी समोरच्यानं अकरा तारखेच्या आत बिल दाखवलं नाही तर या महिन्यात साठ हजार तुमच्या खिशातून. पुढच्या महिन्यात त्यानं दाखवलं तर तेव्हा मिळतील. पण छोट्या व्यापाऱ्याचे साठ हजार महिनाभर अडकले म्हणजे कामगारांचा पगार अडकला.

म्हणजे चौदा ते वीस, हे सहा दिवस. त्यात सत्तर पक्षकारांची खरेदीची बिलं एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला, आणि एकेक ओळ जुळवायची. बिल नंबर कुणी ‘१०२’ लिहितो, कुणी ‘२५-२६/१०२’ लिहितो. माणसाला कळतं की ते एकच आहे, एक्सेलला कळत नाही.

आता इंजिनिअर माणसाला हा प्रश्न दिसला की काय होतं तुम्हाला माहितीये. (हसतो) लाळ गळते. टॅली चालू असताना तो एका पोर्टवर ऐकत बसलेला असतो, त्याला एक्सएमएल पाठवून डेटा मागता येतो. पोर्टलवरून २बी ची फाइल उतरवता येते. दोन्ही घ्या, बिल नंबर साफ करा, रक्कम आणि तारीख ताडून बघा. तीन रात्री बसलो आणि झालं. जे काम दोन माणसं दोन दिवस करायची, ते वीस मिनिटांत. मी मामांना दाखवलं. मामा बघत राहिले, म्हणाले, ‘लय भारी आहे लेका.’ मग चष्मा काढला आणि म्हणाले, ‘पण बिलं कुठं आल्यात अजून?’

तारीख होती पंधरा. सत्तरपैकी एकतीस लोकांची खरेदीची बिलं आलेलीच नव्हती.

इथे माझा पहिला फुगा फुटला. मग मी एक काम केलं, जे खरं तर आधी करायला पाहिजे होतं. वही घेतली आणि महिनाभर लिहीत गेलो, की ऑफिसातली माणसं तास कशावर घालवतात. मामा, चौदा वर्षं तिथे असलेल्या एक ताई, आणि नवीन लागलेला मुलगा. तिघांचे मिळून साधारण साडेसहाशे तास. त्यात अडीचशेच्या वर तास कशावर गेले माहितीये? मागण्यावर. बिलं मागणं, बँक स्टेटमेंट मागणं, व्हॉट्सअॅपवर आलेला धूसर फोटो परत मागणं, ‘हे पेमेंट कशाचं?’ विचारणं, आणि ओटीपी मागणं.

ओटीपीचं तर वेगळंच. एकट्या मालकाचा धंदा असेल तर रिटर्न ओटीपीनं भरता येतं. ओटीपी येतो मालकाच्या मोबाइलवर. मालक असतो यंत्रमागाच्या शेडमध्ये. तिथे चाळीस माग एकदम चालू असताना फोनची रिंग सोडा, शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. ताई तीनदा फोन लावतात, ओटीपीची मुदत संपते, परत पहिल्यापासून. एकदा तर मुलाला सायकलवर शेडमध्ये पाठवून ओटीपी आणला. मी ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, याची एपीआय नाही बाबा.

आणि हे अडीचशे तास कुठल्याच बिलावर नसतात. मामांच्या फीच्या पावतीवर लिहिलेलं असतं: ‘जीएसटी रिटर्न, महिना अमुक, रुपये ८००’. म्हणजे पैसे कशाचे? रिटर्नचे. जे माझी स्क्रिप्ट वीस मिनिटांत करते त्याचे. जे काम खरं अवघड आहे, त्याला किंमतच लावलेली नाही. मला वाटतं छोट्या ऑफिसांचं सगळं दुखणं या एका ओळीत आहे, म्हणून मी पैशांचा हिशोब मोकळेपणानं सांगतो. मामांची परवानगी घेतलीये.

सत्तर जीएसटीवाले, सरासरी आठशे, म्हणजे महिन्याला छप्पन हजार. उन्हाळ्यानंतर इन्कम टॅक्सची दोनशेक रिटर्नं, प्रत्येकी सातशे, वर्षाचे एक लाख चाळीस हजार, महिन्याला पसरले तर बाराएक हजार. सोसायट्यांचं ऑडिट धरून आणखी सात. झाले पंचाहत्तर हजार. त्यातून दोन पगार पंचवीस, भाडं नऊ, टॅली, लाइट, इंटरनेट, कागद मिळून सहा. राहिले पस्तीस. हे सगळ्यांनी पैसे दिले तर. पण लोक म्हणतात ‘पाडव्याला बघू वकील’, आणि पाडवा झाला की ‘मार्चला बघू’. पाचातला एक रुपया येतच नाही किंवा दोन वर्षांनी येतो. म्हणजे हातात वीस हजार. पुण्यात माझ्या एका बीएचकेचं भाडं एवढं आहे. एकतीस वर्षांच्या अनुभवाचे महिन्याला वीस हजार.

मी विचारलं, ‘मामा, फी का वाढवत नाही?’ ते म्हणाले, ‘अरे, खाली चौकात एक जण पाचशेत करतोय.’ खरंय. सायबर कॅफे टाइप काउंटर आहे, पाचशेत रिटर्न भरतो. आलेला आकडा टाकतो, बटण दाबतो. बघायचं काय आहे ते बघत नाही. पण गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, कारण दोघांच्या पावतीवर एकच शब्द आहे: रिटर्न.

आता तुमच्यातले बरेच जण कमेंटमध्ये विचारणार: ‘दादा, एआय आलं ना, हे सगळं संपणारच.’ थोडं खरं आहे, पटकन सांगतो. पगारदारांचं रिटर्न आता पोर्टलवर आधीच बरंचसं भरून येतं. व्याज, शेअर्स, डिव्हिडंड, सगळं वार्षिक माहिती विवरणात दिसतं. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून कर लागत नाही, त्यामुळे जानेवारीत ‘कुठली पॉलिसी काढू?’ विचारायला येणारी गर्दी ओसरली. ते सातशेवालं काम कमी होत जाणार. त्यावर रडून उपयोग नाही.

पण बिलं वाचायला मी एआय लावून बघितलंच. छापील बिलं मस्त वाचतं. हातानं लिहिलेली मराठी बिलं आली की गडबड. आपला हाताचा १ आणि ९ बघा कधी. २९,५०० चं बिल त्यानं २१,५०० वाचलं, आणि अगदी आत्मविश्वासानं वाचलं. ताईंनी एका नजरेत पकडलं, कारण त्यांना माहीत होतं की तो सायझिंगवाला एवढ्या कमी रकमेचं बिल कधी करतच नाही. मी कोड लिहितो, मला एआयचं वावडं नाही. पण ताईंच्या डोक्यात जे आहे ते कुठल्या डेटाबेसमध्ये नाहीये, हे मला तिथे कळलं.

दुसरीकडे नियम मात्र थांबत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्टलवर बिलं स्वीकारायची-नाकारायची नवी व्यवस्था आली, तिला आयएमएस म्हणतात. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-१ मधून ३बी मध्ये आलेला विक्रीवरच्या कराचा आकडा हातानं बदलता येत नाही. आधी चूक झाली की ३बी मध्ये गुपचूप सावरायचे, आता ३बी भरायच्या आधी १ए भरून दुरुस्त करावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक मालावरचे बारा आणि अठ्ठावीसचे दर गेले, तेव्हा ऐन नवरात्रात प्रत्येक दुकानाच्या टॅलीमध्ये मालाचे दर बदलत बसले हे लोक. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा इन्कम टॅक्स कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे नंबर बदलले. मामांना जुनी कलमं फोन नंबरसारखी पाठ होती. ‘आता या वयात परत पाढे,’ म्हणाले. यातलं प्रत्येक शिकायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचं बिल कुणाला लावणार?

जो मुलगा सोडून गेला, तोही यातूनच गेला. मामांकडे तेरा हजार होते. पुण्यात परदेशी फर्मांची कामं करणाऱ्या कंपनीत त्याला दुपटीनं मिळाले, एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी. अमेरिकेत अकाउंटंट कमी पडतायत, तिथलं काम इकडे येतंय. मी त्याला दोष देत नाही. मीही तेच करतो, फक्त कोडमध्ये. पण लक्षात घ्या, त्याला शिकवलं मामांनी. किर्द, खतावणी, तेरीज, सगळं. दोन वर्षं शिकवा आणि मुलगा पुण्याला द्या, अशी ही छोटी ऑफिसं म्हणजे बिनफीचं कॉलेज झालीयेत.

मग केलं काय? पहिली गोष्ट माझी नव्हतीच, मामेबहिणीची होती. शनिवारी ती इचलकरंजीला आली होती. माझी वही बघितली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही लोकांना बिलं कधी मागता?’ मामा म्हणाले, ‘बारा-तेरा तारखेपासून.’ ती म्हणाली, ‘मग चौदा तारखेला नुसतं कळतं की पैसे अडकले. अकराच्या आधी कळलं तर सप्लायरला फोन करता येईल ना?’

झालं! हे मला सुचायला हवं होतं. सप्लायरनं बिल पोर्टलवर टाकलं की ते आधीच दिसायला लागतं, चौदापर्यंत थांबायची गरज नाही. खरेदीची बिलं पाच तारखेला हातात असतील, तर दहा तारखेला सांगता येतं: ‘अहो, तुमच्या अमुक सूतवाल्यानं अजून बिल दाखवलेलं नाही, साठ हजार अडकतील, आत्ता फोन करा.’ स्क्रिप्ट तीच. फक्त पंधराऐवजी दहा तारखेला चालवायची.

पण पाच तारखेला बिलं आणणार कशी? मी रिमाइंडरचे मेसेज लावले. कुणी वाचले नाहीत. मग ताई म्हणाल्या, ‘सरांचा आवाज पाठवा.’ मामांनी वीस सेकंदांची व्हॉइस नोट रेकॉर्ड केली: ‘नमस्कार शेठ, पाच तारखेला बिलं द्या, दहाला तुमचं क्रेडिट अडकतंय का ते सांगतो. उशीर झाला तर मला सांगता येणार नाही बघा.’ तीच नोट दर महिन्याच्या दोन तारखेला जाते. पहिल्या महिन्यात सत्तरातल्या एकोणीस जणांनी बिलं वेळेत दिली, तिसऱ्या महिन्यात एक्केचाळीस. माझ्या तीन रात्रींच्या कोडपेक्षा त्या वीस सेकंदांनी जास्त काम केलं, हे मला कबूल करावं लागतं.

आणि मग फीचा विषय आपोआप निघाला. एका व्यापाऱ्याला दहा तारखेला फोन गेला, त्यानं सप्लायरला झापलं, अकराला बिल दिसलं, अडकणारी रक्कम सुटली. तो स्वतः जिना चढून आला. पावतीवर आता ‘रिटर्न’ नाही लिहिलेलं, लिहिलंय ‘मासिक हिशोब, क्रेडिट तपासणी व रिटर्न, रुपये १,२००’. तीन महिन्यांचे आगाऊ. त्यानं तिथेच दिले. चौकातला पाचशेवाला हे करत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते आता दिसतं.

अजून एक सांगतो, कारण हे इचलकरंजीचं खास आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून तुम्ही माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून गेली आणि ३१ मार्चला पैसे बाकीच असतील, तर तो खर्च त्या वर्षी तुमच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पैसे द्याल त्या वर्षी होतो. जुन्या कायद्यात हे ४३बी(एच) होतं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेलं. नव्या कायद्यात आकडा बदलला, पंचेचाळीस दिवसांचं गणित राहिलं. आता कापडाच्या धंद्यात उधारी तीन-तीन महिने चालते. मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले यंत्रमागधारक बहुतेक लघु उद्योगच. म्हणजे व्यापाऱ्यानं दहा लाख मजुरी थकवली तर ते दहा लाख त्याचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स.

मामांना हा नियम पाठ होता. दरवर्षी ते ऑगस्टमध्ये ताळेबंद करताना व्यापाऱ्याला सांगायचे, ‘तुमचे एवढे धरले गेले बघा.’ ऑगस्टमध्ये सांगून उपयोग काय? मार्च तर संपला. या वेळी आम्ही फेब्रुवारीत टॅलीमधून यादी काढली: कुणाला किती देणं, किती दिवस झाले, समोरचा उद्यम नोंदणीवाला आहे का. अकरा व्यापाऱ्यांना दिली, प्रत्येकी पाच हजार घेतले. पंचावन्न हजार. मामांच्या हातात अडीच-तीन महिन्यांत यायचे तेवढे, एका यादीचे. आणि जाता जाता काही खर्चीवाल्यांना त्यांची थकलेली मजुरी मार्चआधी मिळाली. हा भाग मला मनापासून आवडला.

सगळं गोड झालं असं नाही. सत्तरचे चोपन्न राहिले. सोळा जण गेले, त्यातले काही मामांनीच सोडले, जे दर महिन्याला एकोणीस तारखेला रात्री पिशवी आणायचे. एक किराणावाले काका अठरा वर्षांचे जुने, चारशे रुपये जास्त देणार नाही म्हणाले आणि चौकात गेले. बाजारात भेटले की अजूनही ‘वकील, चहा घ्या’ म्हणतात. मामा चहा घेतात आणि घरी येऊन गप्प बसतात. मामींच्या मते हे सगळं माझ्यामुळे झालं. चोपन्न गुणिले बाराशे म्हणजे चौसष्ट हजार आठशे, आधीपेक्षा जास्त, आणि आगाऊ येत असल्यामुळे बुडत नाहीत, हे मी मामींना समजावलंय. त्या म्हणाल्या, ‘माणसं गेली त्याचं काय?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र मी रागावून बदलून घेतली. पासवर्ड. सत्तर लोकांचे जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-मेलचे पासवर्ड एका शंभर पानी वहीत होते. कव्हरवर मोठ्या अक्षरात ‘पासवर्ड’. ती वही टेबलावर, आणि टेबल खिडकीत. शिवाय काही मालकांची डिजिटल सही, म्हणजे ते पेन ड्राइव्हसारखं टोकन, ड्रॉवरमध्ये. तुम्ही ऑफिसात फोटो काढून स्टोरी टाकली असती तर अर्ध्या इचलकरंजीचा टॅक्स उघडा पडला असता. आता पासवर्ड मॅनेजर आहे, सह्यांची टोकनं कुलपात, कुणी कधी नेलं त्याची नोंद. वही जाळली असं ताई म्हणतात. माझा अजून पूर्ण विश्वास नाही. तुमच्या बाबांच्या दुकानाचं काम बाहेर दिलेलं असेल तर आजच विचारा, आपला पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय.

आता ताईंबद्दल. मामेबहीण परत येणार नाही, हे पक्कंच आहे. ती रविवारी दोन तास ऑनलाइन बसून नवीन मुलाला शिकवते, तेवढं तिला जमतं. म्हणजे मूळ प्रश्न तसाच होता: मामांनंतर कोण? आम्ही सगळे जेवताना यावर बोलायचो. मामा, मामी, मी, फोनवर मामेबहीण. महिनाभर चर्चा चालली, आणि त्यात ज्यांचं नाव एकदाही निघालं नाही त्या ताई रोज सकाळी दहाला ऑफिस उघडत होत्या.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना सहज विचारलं, ‘ताई, तुमचं शिक्षण काय?’ म्हणाल्या, ‘बी.कॉम. दादा, कोल्हापूरला केलं, मग लग्न झालं.’ मी नियम उघडून बघितले. जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायला कॉमर्सची पदवी चालते. पोर्टलवर नावनोंदणी करायची आणि नासिन या केंद्राच्या संस्थेची परीक्षा पास व्हायची. निम्मे मार्क पुरे. चौदा वर्षं ज्या बाईनं रोज हेच केलं, तिला ते काय अवघड? मामांना सांगितलं तर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला कधी सुचलंच नाही बघ.’

ताई मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. घरी विचारते म्हणाल्या. मग पंधरा दिवस काहीच नाही. मी पुण्याला परत आलो, कामात बुडालो. मग एका रात्री साडेदहाला त्यांचा मेसेज आला. नावनोंदणीच्या फॉर्मचा स्क्रीनशॉट, आणि खाली प्रश्न: ‘दादा, इथं व्यवसायाचा पत्ता मागतायत. घरचा टाकू की ऑफिसचा? सर ऑफिसचा टाक म्हणाले, पण ते नंतर नाही म्हणणार नाहीत ना?’

मी मामांना फोन लावला. एकोणीस तारीख होती, त्यामुळे ते ऑफिसातच होते. म्हणाले, ‘ऑफिसचाच टाकायला सांग. आणि पाटीवाल्याला पण विचारून ठेव, खाली अजून एक नाव बसतंय का ते.’